माळ्यावरचं अवजार

दसऱ्याच्या सकाळी धनीरामनं जाळी, गळ, विळे, कुऱ्हाड असं सगळं धुऊन पूजेसाठी अंगणात मांडलं. खांदे भरून आले होते. हल्ली रात्रभर झोपूनही तो थकलेलाच उठायचा.

रांगेत शेवटी ते अवजार होतं. लाकडी मूठ आणि पुढं लोखंडाची वाकडी जीभ. ते कशाचं, हे त्याच्या बापालाही माहीत नव्हतं. माळ्यावरून वर्षातून एकदाच, पूजेपुरतं खाली यायचं.

“मागच्या साली मूठ जाडी होती ना याची?” बायको बायाबाई म्हणाली.

धनीराम वाकला. मूठ झिजून बारीक झाली होती. लोखंड रोजच्या कुऱ्हाडीपेक्षा लख्ख होतं.

“कोन वापरून राहिलं हे?”

“कायचं आहे तेच मालूम नाही, तं वापरन कोन?”

त्यानं मूठ धरून पाहिली. महिन्याभरापासून तळहाताला पडलेला घट्टा मुठीच्या खाचेत अचूक बसला.

“आना इकडं. पूजा उरकून घेऊ. मी तं उठल्यापासूनच थकून राहिली.”

अवजार घ्यायला बायाबाईनं हात पुढं केला. तिच्याही तळहातावर, त्याच जागी, तसाच घट्टा होता.