तिसऱ्या वळणाआधी

थोरला भाऊ देवाघरी गेल्यापासून त्याची ती खेळण्यातल्या ट्रॅकच्या खोबणीत धावणारी छोटी विजेची गाडी तिसऱ्या वळणाआधी मंदावायची. कंट्रोलरचा ट्रिगर कितीही दाबा! थोरला नेमका तिथेच बोट सैल करायचा.

"कंट्रोलर जुना झालाय वहिनी, दुसरं काही नाही," धाकट्याने सांगितलं होतं. वहिनींना रात्री डोळा लागावा, एवढ्यासाठीच. पण कंट्रोलर बदलून बदलून तो आता मेटाकुटीला आला होता.

आज त्याने दुकानातला सगळ्यात भारी कंट्रोलर आणून जोडला. ब्रेकची वायरही काढून टाकली.

"भाऊजी, याने तरी होईल ना?" दारातून वहिनींनी विचारलं.

"नाही झालं तर कान कापून देईन!"

गाडी सुसाट सुटली, तिसऱ्या वळणाशी आली आणि मंदावली.

त्याने ट्रिगर सोडून कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला. आता गाडी थांबायला हवी होती. ती वळण घेऊन सावकाश पुढे निघाली. टेबलावरचा ट्रिगर आपसूक आत जात होता.

वहिनी जवळ आल्या. त्यांनी धाकट्याकडे पाहिलंच नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी अलगद हात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "दमलात ना? द्या आता भाऊजींच्या हातात."