दाभोळचा बंगला

"आई, तू येतीस ना दाभोळला?" अनंतराव वकिलांनी जेवता जेवता आईला विचारलं.

"मी कशाला रे बाबा? म्हातारीचं काय काम तिथं? तुम्ही जाऊन या," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकाच्या ताटात भाकरी वाढली.

"बरं. मग तू घरीच राहा," असं म्हणून अनंतरावांनी भाकरी आमटीत कुस्करली.

झालं! एवढा शिकलेला माणूस, पण आईच्या बाबतीत अगदीच कच्चा. अहो, लातुरात पाहुण्याला चहा विचारला तर तो आधी नकोच म्हणतो. पुन्हा विचारलं तर "राहू द्या की" म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की मग मांडी ठोकून बसतो. पहिल्याच बोलाला हो म्हणणारा हावरा ठरतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण कोर्टात एकदा दिलेली जबानी ती जबानी, आणि अनंतरावांना घरातही तीच सवय लागली होती.

कोर्टाला उन्हाळ्याची तातील, म्हणजे सुट्टी, लागणार होती. पुण्याच्या एका स्नेह्यानं दाभोळचा आपला बंगला वापरायला देऊ केला होता. बंगला अगदी खाडीच्या तोंडाशी, एका अंगाला नदी आणि समोर समुद्र. वैशाखात लातूरच्या विहिरी तळाला जातात, आणि तिथं म्हणे व्हरांड्यात बसलं की नजर जाईल तिकडं पाणी. अनंतरावांच्या बायकोनं, चंद्रप्रभेनं, समुद्र कधी पाहिला नव्हता. मनकर्णाबाईंनी तर नाहीच नाही.

जेवणं झाल्यावर अनंतराव पंचांग घेऊन ओसरीवर बसले. मनकर्णाबाई सुपारी कातरत जवळच टेकल्या.

"तिथल्या आडाचं पाणी गोडं असतं का रे?"

"असतं."

"ज्वारी मिळती का तिकडं? का आपला नुसता भात?"

"पीठ इथूनच नेऊ."

"मोगलाईची हद्द सुटताना ते करोडगिरीवाले जकातीसाठी बोचकी सोडायला लावतेत म्हणं. सोवळ्याचं लुगडं शिवलं तर?"

"आई," अनंतराव वैतागून म्हणाले, "तुला यायचं नाही, मग ही उलटतपासणी कशाला?"

"सहज इचारलं. तुमची अडचण होऊ नये म्हणून." अडकित्त्यात दुसरी सुपारी आली. मग त्यांनी विचारलं, "जाणार कधी, येणार कधी?"

"अक्षय तृतीया झाली की निघू. त्रयोदशीला दाभोळ सोडू. पुण्यात दोन दिवस मित्रांकडं राहू, नाटकं बघू, मग घरी."

"म्हंजे पुनव काही तिथं घडत न्हाई."

"नाही."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाल्या. सुपारीचा डबा मिटून त्या परसात म्हशीला पाणी दाखवायला गेल्या.

चंद्रप्रभा दाराआडून सगळं ऐकत होती. ती पुढं आली.

"अहो, समुद्राला पर्वणीबिगर शिवू नये म्हणतात. पुनवेला नाहीतर अवसेला. आत्याबाईंना समुद्रात स्नान करायचंय."

"पण आई तर नको म्हणाली."

"एकदाच म्हणाल्या ना?"

अनंतरावांनी आईचे प्रश्न पुन्हा आठवून पाहिले. आडाचं पाणी, ज्वारी, सोवळ्याचं लुगडं. घरी राहणाऱ्या बाईला याच्याशी काय करायचं होतं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नाटकांसाठी मात्र जीव तुटत होता. पुण्याला जाणं काय रोज होतं? त्यांनी एकदा पंचांगाकडं बघितलं, एकदा परसाकडं, आणि नाटकांवर पाणी सोडलं.

मनकर्णाबाई पदराला हात पुसत परत आल्या.

"आई, पुण्याचं रद्द केलं. पुनव करूनच दाभोळहून निघू. तू चल."

"अगं बाई, माझ्यापायी कशाला तुमचा खोळंबा? राहू दे."

"राहू दे तर राहू दे," असं अनंतरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. चंद्रप्रभा खाकरली. अनंतरावांनी पंचांग बाजूला ठेवलं आणि आईचा हात धरला.

"आई, तुला सोडून मला तिथं करमायचं नाही. तू यायलाच पाहिजेस."

"आता एवढं म्हणतोस तर येते बापा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरचं हसू काही लपेना. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, तशाच बसून राहिल्या. चंद्रप्रभा लगेच पिठाचा हिशेब बोलायला लागली, तर त्यांनी तिला मध्येच थांबवलं, दोन पायल्या वाढवून सांगितल्या आणि मेतकूट मीच करणार म्हणून बजावलं.

मग जरा वेळानं त्या लेकाकडं वळल्या.

"तुझे वडील काशीला गेले, रामेश्वरला गेले. दर वेळेला निघताना मला इचारायचे. माणूस लई चांगला. पण इचारायचे एकदाच."