आकडा

औशाजवळच्या आमच्या गल्लीतले मीटर एकदम हळू फिरायला लागले, म्हणून वीज खात्याचा साहेब दिवेलागणीला जीप घेऊन आला. खांबापासून प्रत्येक घरापर्यंत त्याने वायर बघितली. चोरी सापडेना, तसा तो ओट्यावर बसलेल्या बसम्मा आक्कावर खेकसला, "आकडा कुठं टाकलाय, खरं सांगा!"

"चला, दावते की," म्हणत आक्का उठली आणि त्याला थेट मठाच्या पडवीत घेऊन गेली. तिथे एका ट्यूबखाली, एका पंख्याखाली गल्लीतली सगळी पोरं पुस्तकं उघडून बसली होती. खाजाभाईची जेबा आक्काच्या नातीला, स्वप्नालीला, गणित समजावत होती.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात समदे एकाच दिव्याखाली राहिलो, साहेब. औंदा परीक्षेपायी तीच रीत परत धरली, घरचे दिवे-पंखे बंद, अभ्यासाला दिवा एकच. लातूरच्या क्लासलाबी समद्यांची एकच जीप जाती, फटफट्या दारातच उभ्या हायत."

"ते ठीक आहे. पण आकडा?"

आक्काने पदर खोचला.

"टाकणार हाय की! औंदा समदी गल्लीच टाकणार हाय. निकालाच्या दिवशी पेपरात टक्के बघा."