तुलनेची वस्ती

पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी आणि एक लाल. दोन्ही जोडीनं वर चढत गेल्या होत्या. सरांनी त्या बराच वेळ पाहिल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन्हीकडे सारखंच," ते म्हणाले. "म्हणजे आपल्या शिकवण्यानं काहीच फरक पडला नाही."

व्यवस्थापन शिकवणाऱ्या त्या संस्थेच्या बैठकीच्या खोलीत चौघंच होती. संशोधन चालवणारे सर, आकड्यांचं काम पाहणारा, ज्याला सगळे आकडेशास्त्री म्हणत, आणि या उपक्रमाला पाठबळ देणाऱ्या संस्थेच्या बाई. दारालगतच्या खुर्चीवर फॉर्मताई होती. घरोघर जाऊन फॉर्म भरून आणायचं काम ती सहा वर्षं करत होती. तिचं खरं नाव एव्हाना पगारपत्रकातच काय ते उरलं होतं.

प्रयोग साधा होता. घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांना धंदा नीट चालवायला शिकवायचं. कापड हातात घेतलं की कधी द्यायचं त्या तारखेची चिठ्ठी त्याला टाचायची, सकाळी उठून कपडे त्या तारखांप्रमाणे लावायचे, आणि जे जमणार नाही त्याला आधीच नाही म्हणायचं. वरच्या वस्तीला हे शिकवलं. खालच्या वस्तीला मुद्दाम शिकवलं नाही, कारण तुलनेला कोणीतरी कोरं लागतं. आणि दोन वर्षांनी पाहावं तर खालच्या वस्तीतले कपडेही तितकेच वेळेवर जात होते.

पाठबळवाल्या बाईंनी वही मिटली. बाई मनानं वाईट नव्हत्या. पण उपयोग नसलेलं शिक्षण पुढच्या चाळीस वस्त्यांना द्यायला आपण संस्थेकडे कुठल्या तोंडानं पैसे मागायचे, असं त्या म्हणाल्या. आकडेशास्त्र्यानं मान डोलावली. बायका आपोआपच शिकतात, असं एक वाक्य तो अहवालाच्या शेवटी घालणार होता.

फॉर्मताईला खरं ठाऊक होतं. आपोआप काही झालं नव्हतं.

प्रयोगाच्या सुरुवातीलाच खालच्या वस्तीतल्या एका शिवणवालीनं शाळेचे तीस गणवेश उशिरा दिले होते आणि शाळेनं तिचं काम कायमचं काढून घेतलं होतं. फॉर्मताई तिच्या घरी गेली त्या दुपारी तिनं फॉर्मातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, फॉर्मताईपुढे पाण्याचा पेला ठेवला, आणि वरच्या वस्तीत तुम्ही काय शिकवता ते विचारलं. फॉर्मताईला नियम पाठ होता. सरांनी पहिल्याच दिवशी तो घोकून घेतला होता: विचारायचं, लिहायचं, निघायचं. ती निघाली, उंबऱ्यापर्यंत गेलीही. मग मागे फिरली आणि मशीनवरच्या झग्याला तिनं स्वतःच्या हातानं तारखेची चिठ्ठी टाचली. दहा मिनिटांचं काम. पुढच्या खेपेला बारा घरांत तशा चिठ्ठ्या लटकत होत्या.

आता बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिला कायम करण्याची फाइल याच महिन्यात वर गेली होती. फॉर्मताईला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त. चाळीस वस्त्यांतल्या कुणालाही ती ओळखत नव्हती. पण उशिरा दिलेले तीस गणवेश कुठल्या ना कुठल्या घरात पडून असणारच, हे तिला ठाऊक होतं.

बाई पर्स उचलून उठल्या, तेव्हा ती बोलली.

"सर, खालच्या वस्तीत मी शिकवलं."

आकडेशास्त्री हसला. त्याला ती थट्टा वाटली. सरांचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं.

"किती जणींना?" सरांनी विचारलं.

"एकीला. बाकीच्यांना तिनं."

"दोन वर्षं दर महिन्याला फॉर्म भरून आणलेत. एकदाही लिहावंसं वाटलं नाही?"

"फॉर्मात तसा प्रश्न नव्हता, सर."

हे तिनं उद्धटपणे म्हटलं नाही. खरंच नव्हता. बेचाळीस प्रश्न तिला तोंडपाठ होते.

सर उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की सगळ्यांचीच दोन वर्षं पाण्यात गेली, हे आता कुठेही छापून येणार नाही. हे वर कळवावं लागेल, आणि तिची फाइल परत येईल. ते थांबवणं आपल्या हातात नाही. ठाऊक आहे, असं फॉर्मताई म्हणाली.

"मग उपयोग होतो की नाही होत?" बाईंनी उभ्यानंच विचारलं.

आकडेशास्त्र्यानं पडद्याकडे पाहिलं. हे आता आकड्यांवरून सांगता येणार नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला.

खाली गाडीवाल्यानं बाईंसाठी दोनदा हॉर्न वाजवला. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि त्या परत बसल्या. सर खिडकीपासून मागे आले. गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म त्यांनी ओढला, उलटा केला आणि पेनाचं टोपण काढलं. आपल्या शेजारची खुर्ची त्यांनी बाहेर सरकवली.

"इथे बसा. तिनं नेमकं काय विचारलं होतं, तिथून सांगा."

फॉर्मताई दाराजवळून उठली आणि त्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

"ती म्हणाली, ताई, तुम्ही इतकं विचारलंत, आता मी एक विचारू?"