लिहिल्याबरहुकूम

आठव्या दिवशीही पडद्यावरचं ‘प्रकाशित करा’ हे बटण बंदच होतं. शेवळांचा, त्या पावसाळी रानभाजीचा, हंगाम जेमतेम पंधरा दिवसांचा. तो सरल्यावर केळव्याच्या हेमलता चुरींचं रानभाज्यांचं पुस्तक उघडणार कोण? पण प्रकाशनाच्या यंत्राने चिठ्ठी टाकून निवडलेल्या अनोळखी माणसाने सगळं लिहिल्याबरहुकूम करून पाहिल्याशिवाय पुस्तक बाहेर पडत नसे. हा नियम तिथल्या लेखकांनीच स्वतःला घालून घेतला होता. हेमलताबाई आठ दिवस त्या नियमाच्या नावाने बोटं मोडत होत्या.

अखेर पडद्यावर चिठ्ठीत नाव निघालेल्या डोंबिवलीच्या गंगासागर बिराजदार आल्या. आवाज पार घोगरा.

“काकू, तुमच्या शेवळांनी दोन दिवस माझी बोलती बंद केली. नवरा खूश आहे!”

“अगं, काकडं घातली नाहीस? ती आंबट फळं? त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात!”

“भाजीवाली देत होती. मीच म्हटलं, नको बाई, पुस्तकात नाहीत. आम्ही लातूरकडचे, आम्हाला काय ठाऊक?”

हेमलताबाईंनी पान उघडलं. खरंच नव्हती. काकडांशिवाय शेवळं कुणी शिजवेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. यंत्राने ओळ न् ओळ तपासली होती. पण त्याला घसा नव्हता.

“एका घशावर निभावलं गं. घरोघरच्या पोरांनी खाल्ली असती. तुझे उपकार कसे फेडू?”

“किती घालायची ते लिहा. उद्या पुन्हा करते.”

हेमलताबाईंनी आजवर काकडं कधी मोजलीच नव्हती. त्या उठल्या आणि वाटी घेऊन चुलीपाशी बसल्या.