शेवटची पाटी

“बोटीने?” व्हॅलेंटाइन म्हणाले. “पुस्तकात ती घोडागाडीने जाते.”

“डॅडी, हळू बोला,” डोरीन त्यांच्या कानाशी म्हणाली.

रविवारची दुपार होती. सिडनीच्या पॅरामॅटा उपनगरातल्या एका जुन्या सभागृहात मूकपट लागला होता. हॉलिवूडने शंभरेक वर्षांपूर्वी एका फ्रेंच कादंबरीवर काढलेला. तीच कादंबरी व्हॅलेंटाइन वसईच्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत शिकवत होते. आता पडदा त्यांना उजेडाचा चौकोन म्हणून दिसत होता, बाकी काही नाही. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या डोरीन त्यांना वाचून दाखवत होती, आणि मधे काय घडतंय तेही सांगत होती.

मम्मीला मातीआड केल्यापासून ते हॅरिस पार्कच्या फ्लॅटबाहेर पडले नव्हते. आज कसेबसे तयार झाले होते. आजचा बेत फसला तर ते पुन्हा येणार नाहीत, हे डोरीनला ठाऊक होतं. आणि तो फसत चालला होता.

नायिकेला बहीण निघाली. “तिला बहीण नाही.” पाद्री प्रेमळ निघाला. “तो नालायक होता. सगळी कादंबरी त्याच्या नालायकपणावर उभी आहे. यांनी पुस्तक उघडलं तरी होतं का?”

“मला काय विचारता? मी लॅबमध्ये रक्त तपासते.”

“मेट, प्लीज,” मागून कुणीतरी म्हणालं. डोरीनने वळून सॉरी म्हटलं. तिचं डोकं ठणकत होतं.

शेवट जवळ आला. मठातल्या खोलीत नायिका तापाने पडली होती. नवरा बर्फातून तिच्याकडे निघाला होता. पुस्तकात तो पोचतो तेव्हा ती गेलेली असते. पडद्यावर तो पोचला आणि ती उठून बसली. पाटी आली. डोरीनने ती मनात वाचली. एवढा मोठा बदल ऐकला तर डॅडी उठून चालू लागतील, असं तिला वाटलं.

“तो दार उघडतो,” ती म्हणाली. “ती गेलेली आहे.”

पडद्याखाली बसलेली पियानोवाली जोरात काहीतरी नाचरं वाजवू लागली. लोक टाळ्या वाजवत होते.

“मेलेल्या बाईपुढे असा पियानो वाजवतात?” व्हॅलेंटाइननी विचारलं.

डोरीनने हात टेकले. “नाही मेली. यांनी तिला जगवलीय. तुम्ही वैतागाल म्हणून मी पुस्तकातलं सांगितलं.”

दिवे लागले. माणसं उठली, खुर्च्या खडखडल्या. व्हॅलेंटाइन जागचे हलले नाहीत. चाचपडत त्यांनी तिचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

“आता नीट सांग,” ते म्हणाले. “तिने आधी डोळे उघडले, की आधी त्याला हाक मारली?”