डावा की उजवा

ऑफिससाठी वीस कॉम्प्युटर घ्यायचे होते. कोणत्या कंपनीचा प्रोसेसर सहज ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, हे शोधायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. मी दोन कंपन्यांच्या कॉम्प्युटरचा एकेक डबा घरी आणून टेबलावर शेजारी शेजारी मांडला.

डावा म्हणजे गरीब गाय. सेटिंगमधले दोन आकडे बदलले की सुसाट. उजव्याचे नखरेच फार. एकेक आकडा दहादा बदलून बघायचा, अर्धा दिवस त्यातच मोडायचा.

पण रडवलं मला डाव्यानेच. मी समोर बसलो की शहाण्या बाळासारखा चालायचा, आणि टेस्ट लावून जेवायला गेलो की तापून बंद! पंखा बदलला, प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलली, वेग कमी केला. आठ दिवस तेच. शेवटी वैतागून साहेबांना कळवलं, "उजवाच घ्या. किचकट आहे, पण दगा देत नाही." वीसच्या वीस आले. आता त्या प्रत्येकाशी अर्धा-अर्धा दिवस मलाच डोकं फोडायचं आहे.

आज दोन्ही डबे ऑफिसात परत न्यायला उचलले, तर आई दारात आडवी आली.

"उजवा ने हवा तर, पण डावा राहू दे रे. तू जेवायला बसलास की बाबांचे ओले मोजे मी त्याच्या जाळीवर पसरते, तुझं ताट होईपर्यंत खडखडीत वाळतात."